उद्धवरावाचे तळपाय

तुम्ही त्याचं तोंड झाकलं, साहेब, आणि पाय उघडे टांगले. तोंड झाकलं म्हणजे माणसाची इज्जत राखली, असं तुमच्या खात्यात शिकवतात वाटतं. ज्या माणसाला गाव पाठमोरा ओळखायचं, चिखलात उमटलेल्या पावलावरून ओळखायचं, त्याचं तोंड झाकून तुम्ही काय झाकलं? एकदा तुम्ही त्याला कागदावर गुन्हेगार केलं. आम्ही गप्प बसलो. आता रस्त्यावर करायला निघालात. आणि त्यासाठी शब्द कोणाकडून लिहून घेतले, तेवढं तरी विचारलंत का?

यातलं एक अक्षर नीलिमा मोठ्यानं बोलली नाही. आदिलाबादच्या स्टेशन रोडवरच्या फ्लेक्सच्या दुकानात ती मशीनपुढे उभी होती, हातात फ्लेक्सच्या कडेला आयलेटची भोकं पाडायचा पंच होता, आणि मशीन नेहमीसारखं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे खरखरत फिरत होतं. प्रत्येक फेरीला दोन बोटं फ्लेक्स बाहेर येतो. कोणी पुढारी असला तर आधी पागोटं येतं, मग कपाळ, मग डोळे. सहा वर्षांत तिनं इतकी माणसं अशी डोक्याकडून खाली जन्मताना पाहिली होती की आता तिकडं बघायचीसुद्धा नाही. आज ऑर्डर जंगलखात्याची होती. वन्यजीव सप्ताहाचे चाळीस फ्लेक्स, आदिलाबादपासून नेरडीगोंड्यापर्यंत हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांत लावायचे. वर तेलुगू मथळा आला. मग हिरवा पट्टा. मग वाळलेला पाला, सागाची पानं, लोखंडी तारेचा एक वेढा. मग बोटं आली. पायाची. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, लहान पोर मोठ्याच्या खांद्यावर बसावं तशी. नीलिमानं पंच खाली ठेवला. पुढच्या फेरीला उजव्या अंगठ्याखालचा काळा गोल डाग येणार हे तिला मशीनच्या आधी कळलं होतं. आला. मग टाचा आल्या, कोरड्या तळ्यासारख्या फुटलेल्या. टाचेच्या आतल्या अंगाला आणखी एक डाग होता, लहान, कडेनं पिवळट, मध्ये कोळशासारखा. हा एकच तिच्या ओळखीचा नव्हता. तो करंटचा. आणि सगळ्यांत खाली, लाल ठळक अक्षरांत, मराठी ओळ आली: शिकारीसाठी तार लावाल, त्याच तारेत मराल.

ती ओळ तिचीच होती. परवा खात्याचा माणूस तेलुगू मजकूर देऊन गेला होता, शिवेवरच्या गावांतली माणसं मराठी वाचतात म्हणून खाली मराठीही पाहिजे म्हणाला होता. फोटो नंतर पाठवतो म्हणाला. दुकानात दोन्ही लिपी टाइप करणारी ती एकटी. तेलुगू शाळेत गेलेली आणि मराठी घरात वाढलेली बाई या गावात पैशाला पासरी मिळते, पण अनुस्वार जागेवर ठेवणारी मिळत नाही, असं मालक हर्षदीप गिऱ्हाइकांना सांगायचा. तेलुगू मजकूर लांबलचक आणि रटाळ होता. तिनं तो तोडला, घासला, 'लावाल' पुढं 'मराल' आणून बसवलं आणि खुर्चीत मागं रेलून एकदा वाचलं. बरं जमलं, असं वाटलं होतं तिला. चहा पिताना हर्षदीपला वाचूनही दाखवलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, तुमी इलेक्शनमधी घोषणा लिवून द्या, लय कमवान."

अंगठ्याखालचा तो गोल डागही तिचाच होता. तेव्हा ती दहा वर्षांची असेल. बा जंगलातून आला की ओट्याच्या कडेला पाय लांब करून बसायचा, आणि काटे काढायचं काम तिचं. सुई चुलीत तापवायची, राखेनं पुसायची, तळपाय मांडीवर घ्यायचा. एखादा काटा खोल मोडला असला तर बिब्बा गरम करून त्याचं तेल त्या जागेवर चेपायचं, म्हणजे काटा सडत नाही. त्या दिवशी बोराटीचा काटा होता, निघतच नव्हता, आणि तिनं बिब्बा जास्त तापवला, जास्त वेळ दाबून धरला. चर्र झालं. बा हलला नाही. आत माय भाकरी थापत होती तिला ऐकू जाईल म्हणून दात ओठावर ठेवून बसला आणि मग हळूच म्हणाला, "झालं का वं डॉक्टरीनबाई? का पाय शिजवूनच सोडतं?" डाग कायमचा राहिला. पुढे तिच्या लग्नात पाहुण्यांना पाय पुढे करून दाखवायचा, "हे पाहा, पोरीनं सही केलती माह्यावर." आता ती सही चार फूट बाय सहा फूट होऊन दुकानाच्या फरशीवर पडत होती, एकावर एक. सहा झाले. सात झाले. शाईचा उग्र वास नेहमीचाच होता, पण आज तिला त्यात काहीतरी जळाल्याचा वास येत राहिला.

"ताई, आयलेट मारून राह्यल्या ना?" हर्षदीप काउंटरवरून ओरडला. "उद्या दुपारी गाडी येते त्यांची."

"मी नाई मारत."

"काऊन? हात दुखते का?"

"हा माहा बाप हाये."

हर्षदीप उठून आला. फ्लेक्सकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत फ्लेक्सकडे. तिशीही न गाठलेला पोरगा, बापाचं दुकान चालवणारा, वाईट नव्हता. "पायावरून कसं सांगता हो ताई? पाय तर सगळ्यांचे..." म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबला. मग डोकं खाजवून म्हणाला, "तुमी घरी जा आज. मी मारून घेतो आयलेट." म्हणजे थांबवत नव्हता. फक्त तिचा हात लागू देत नव्हता. त्याच्या परीनं त्यानं मोठेपणाच केला होता.

मावल्याच्या तळ्याकडच्या आपल्या खोलीवर ती पायी निघाली. रिक्षात बसावंसं वाटेना. लहानपणी ती जे काही शिकली ते बाच्या मागून चालत शिकली. पुढं बाचे तळपाय उचलले जायचे, पडायचे, आणि ती त्यांच्यावर नजर ठेवून चालायची. तो टाच आधी टेकवायचा नाही. बाहेरच्या कडेनं पाय ठेवायचा आणि मग आतल्या अंगाला वजन सोडायचा, जमिनीला विचारून ठेवल्यासारखा. मधेच थांबायचा. मागं न बघता एक बोट वर करायचा. म्हणजे ऐक. तित्तर कुठं बोलला, टिटवी का बोंबलली, रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप पाण्यावर आला की नुसता उठून गेला, हे तो मायला रात्रीच्या जेवणात असं सांगायचा, जसं गावात कोणाकडे पाहुणे आले ते सांगावं. त्याला शेती होती, चार एकर ज्वारी-कापूस आणि विहिरीवर वांगी-मिरची. शेती तो नेकीनं करायचा. पण जीव तिथं नव्हता. पहाटे उठून आधी मायसाठी चहा ठेवायचा, तिच्या उशापाशी कप झाकून ठेवायचा, आणि उजाडायच्या आत जंगलाची एक फेरी मारून यायचा. येताना ओंजळभर चारोळीची चारं, आवळे, कधी नाल्यातली वीतभर मरळ, काही नाही तर मोराचं पीस. रिकाम्या हातानं कधी आला नाही. माय म्हणायची, "या मानसाचं लगन माह्याशी नाई, त्या डोंगराशी लागलं. मी आपली दुसरी." आणि तो गंभीरपणे म्हणायचा, "दुसरीवर जीव जास्त राह्यते."

या खोलीवर तो वर्षातून दोनदा यायचा. गाड्यांच्या आवाजानं झोपायचा नाही, पण तक्रार नाही. पहाटे उठून तळ्याकडच्या झाडीत फिरायला जायचा. एकदा पंकज, नीलिमाचा नवरा, त्याच्या सोबत गेला आणि हसत हसत परत आला. तिथल्या फाटकाशी बानं चपला काढल्या होत्या. राखणदार म्हणाला, बाबा, हे देऊळ नाही. बा म्हणाला, झाडं तर हायेत ना. त्यांच्या गावात ती रीतच होती. गावाच्या शिवेवर, जिथं शेतं संपतात आणि साग सुरू होतो, तिथं शेंदराची पोचम्मा, गावदेवी, आहे. तिच्यापुढं जंगलात चपल घालून कोणी जात नाही. मोहाच्या दिवसांत तिथं पन्नास-पन्नास जोड पडलेले असतात, आणि कोण आत गेलं, कोण परतलं, हे बायका चपला बघून सांगतात. नवी पोरं आता बूट घालून जातात. बा गेला नाही. पावसाळ्यात नाही, कडाक्याच्या थंडीत नाही.

आणि दुसरी रीत तारेची. ज्वारी हुरड्यात आली की डुकरं येतात. एका रात्रीत एकर साफ. मग लोक शेताच्या कडेनं तार सोडतात, मोटारीच्या लाइनीवरून करंट देतात. चोरून असतं ते, आणि सगळ्यांना माहीत असतं. म्हणून गावानं आपसांत ठरवलेलं: कोंबडा आरवला की ज्यानं तार लावली त्यानं फ्यूज काढायचा आणि पत्र्याचा डबा तीनदा बडवायचा. डबा वाजला की वाट मोकळी. हे ठरवून घेणारा बाच होता. तार नकोच म्हणून आधी दोन वर्षं भांडला, घरोघर जाऊन. पाटलाशी बोलणं सोडलं. मग कोणी ऐकेना तेव्हा म्हणाला, निदान डबा तरी वाजवा. डुक्कर मरो की राहो, मानूस तरी राहील.

बा जाऊन पावणेदोन वर्षं झाली. पंकजच्या मोटारसायकलवर ती गावात पोचली तेव्हा नऊ वाजले होते. बा पोचम्माच्या पलीकडे, जंगलाच्या बाजूनं वीस पावलांवर, केशवरावच्या ज्वारीच्या कडेला, पालथा पडला होता. अंगावर कोणीतरी निळं लुगडं टाकलं होतं. पंच, पोलीस, जंगलखातं, कोणी आलं नव्हतं अजून. ती बाकडे जाण्याआधी पोचम्मापाशी थांबली, कारण तिथं त्याच्या चपला होत्या. टायरच्या, एकाला एक टेकवून, तोंडं गावाकडे करून ठेवलेल्या. परत येताना नुसतं पाय सरकवता यावे म्हणून तो नेहमी तशाच ठेवायचा. त्या तशा वाट बघत बसलेल्या तिला सोसल्या नाहीत. तिनं त्या उचलल्या, पिशवीत घातल्या आणि बायकांत जाऊन बसली. अकरा वाजता जंगलखात्याचे साहेब आले. फोटो काढले. लोकांना विचारलं, तार कोणाची. कोणी बोललं नाही. केशवराव, बाचा चाळीस वर्षांचा सोबती, साहेबापुढे मान खाली घालून उभा होता. मग साहेबानं बाच्या पायांकडे बघितलं. बुटाच्या टोकानं पाला बाजूला केला. सोबतच्या कारकुनाला तेलुगूत म्हणाला: पायात काही नाही. आवाज होऊ नये म्हणून. शिकारीला आलेला माणूस असाच येतो, लिही.

बायकांच्या त्या घोळक्यात ते वाक्य समजणारी एकटी नीलिमा होती. चपला तिच्या मांडीवरच्या पिशवीत होत्या. उठून दहा पावलं चालायचं होतं. नाही उठली. का नाही उठली, हे तिनं स्वतःला किती वेळा विचारलं, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं. कधी वाटायचं, पुरुषांत कशी जाऊ असं झालं. कधी वाटायचं, केशवकाकानं त्याच क्षणी तिच्याकडे बघितलं म्हणून. कधी वाटायचं, बाप मेला होता, चपलेचं काय घेऊन बसायचं. सगळी खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चपला तिनं सरणावर त्याच्या पायाशी ठेवल्या, मेलेल्याचं पायताण घरात ठेवत नाहीत म्हणून. रबर काळा धूर काढत जळालं. तेराव्यानंतर पंचनाम्याचा कागद हाती आला तेव्हा त्यात लिहिलं होतं: मयत हा अवैध शिकारीच्या इराद्याने स्वतः लावलेल्या तारेस चिकटून फौत झाला. मायला वाचता येत नव्हतं. मायला नीलिमा-पंकजनं सांगितलं, अपघात लिहिला आहे.

पंकज संध्याकाळी कापूस मार्केटमधून आला. ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, कणीक न मळता बसली होती. त्यानं सगळं ऐकलं. डबा उघडून दोन शेंगदाणे तोंडात टाकले, चावले, आणि विचारलं, "नाव हाये का त्याच्यावर?"

"नाई."

"तोंड दिसते?"

"नाई."

"मंग कोनाले समजते, सांग मले? तू हापिसात जाऊन बोंबलशीन, तवाच समजन. आज तो कोनीबी मानूस हाये. उद्या तू त्याले मामाजी करशीन."

"मायले समजन ना. गावच्या थांब्यावर लागनार हाये. मायनं त्या टाचांले तीस वर्सं तेल लावलं."

"आठ दिवसाचा फ्लेक्स राह्यते. पाऊस आला, फाटते. लोक फाडून नेतात, शेळ्यांच्या कोठ्यावर टाकतात. तेवढे आठ दिवस आत्याबाईले इथं घेऊन येतो मी." तो चांगलाच बोलत होता. त्याचं बोलणं ऐकून तिला पटतही होतं, आणि पटतंय म्हणूनच तिनं कणकेची परात दूर सारली. बाचे पाय कोणाच्या तरी शेळ्यांवर अंथरलेले तिला दिसले. पाऊस आत येऊ नये म्हणून.

तिनं केशवरावला फोन लावला. पंकज नको नको म्हणत असताना.

"हं, नीलू. बरी हायेस का माय? जावई बरे?"

"बरे हायेत. काका, एक इचारते. बाच्या चपला त्या दिवशी पोचम्मापाशी होत्या. तुमी पाह्यल्या होत्या ना?"

पलीकडे कोणीतरी बैलाला हाकललं. मग केशवराव म्हणाला, "पाह्यल्या."

"साहेबापुढं एवढंच सांगान का? चपला होत्या. रीत हाये. एवढंच."

"एवढंच कसं राहीन, बाई? साहेब म्हनन, केशवराव, तुमी इतक्या पहाटे तिथं काय करून राह्यले होते." त्यानं आवाज खाली आणला. "तुले माहीत हाये तार माही होती."

"माहीत हाये."

"पन हे माहीत नाई. डबा वाजला होता. म्याच वाजवला. ताप होता अंगात, खाटेवरून उठलो, डबा बडवला अन् पुन्हा आडवा झालो. फ्यूज काढला असंच डोक्यात होतं. नव्हता काढला. उद्धवनं डबा ऐकला असन, नीलू. म्हून तो बिनघोर आला. डबा ऐकून आला तो." तो रडत नव्हता. आवाज सपाट होता, रोज म्हटलेला पाठ असावा तसा. "उजाडल्यावर तार गुंडाळली म्या. जो तुकडा त्याच्या पायाखाली होता तो सोडला. तो ओढाले हात झाला नाई."

काहीतरी मोठं वाटायला पाहिजे होतं, राग, किळस, काहीही. त्याऐवजी तिला बा दिसला, अंधारात, एक बोट वर करून थांबलेला. ऐक. एक, दोन, तीन. वाट मोकळी. ज्या डब्यासाठी तो गावाशी भांडला होता, त्याच डब्यावर त्याचा भरवसा होता.

"मले शिव्या दे," केशवराव म्हणाला.

"शिव्या देऊन काय होते. या माह्यासंगं उद्या."

"बुढ्याले जेल झाली त परवा नाई. पन पोराचं नाव लागन त्याच्यात. शेत त्याच्या नावावर हाये." मग हळूच: "तू नाव घेतलं तरी मी तुले वाईट म्हननार नाई. पन माह्या तोंडानं निंगत नाई ते, माय." आणि फोन ठेवला.

सकाळी ती दुकानात न जाता खात्याच्या ऑफिसात गेली. बाहेरच्या बाकावर दुपार होईपर्यंत. आत साहेब नवे होते, मागचे बदलून गेलेले. नवे म्हणजे चांगले असतील असं उगाच वाटतं माणसाला. बोलायलाही सभ्य. बसा अम्मा म्हणाले. ती तेलुगूत बोलली, नीट, एकेक करून: हा फोटो माझ्या वडिलांचा आहे, ते शिकारी नव्हते, फ्लेक्स लावू नका. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मोबाइलवर फ्लेक्सची प्रत उघडली, बोटांनी मोठी केली, लहान केली.

"यावर नाव कुठं आहे?"

"नाही."

"चेहरा?"

"नाही."

"मग बदनामी कोणाची झाली? हा जुन्या फायलीतला फोटो आहे. जागृतीसाठी. व्यक्ती कोण, ते आम्ही कुठंच म्हटलेलं नाही." त्यांनी तिच्याकडे खरोखरच्या कुतूहलानं बघितलं. "तुमची हरकत असेल तर अर्ज द्या. अर्जात लिहा की या फोटोतली मयत व्यक्ती माझे वडील, अमुक अमुक, मौजा अमुक. खाली सही. मग फाइल काढून ताडून बघू. पण विचार करून लिहा, अम्मा. आज हे पाय कोणाचेच नाहीत. तुम्ही लिहिलं की कागदावर शिकारी म्हणून तुमच्या वडिलांचं नाव पहिल्यांदा फोटोला लागेल. ते तुम्हीच लावलेलं असेल."

पंकज हेच म्हणाला होता. पण पंकजच्या तोंडून ते काळजीसारखं आलं होतं. इथं ते गुळगुळीत होऊन आलं, साबणाच्या वडीसारखं, कुठं धरावं ते कळू नये असं. तिला वाटलं उठावं. उठून जाणं सगळ्यांच्या सोयीचं होतं: साहेबांच्या, केशवकाकाच्या, हर्षदीपच्या, तिच्या स्वतःच्यासुद्धा. पाय कोणाचेच नाहीत. किती सोपं वाक्य. पावणेदोन वर्षांपूर्वी दहा पावलं न चालून तिनंच त्याची सुरुवात केली होती, आणि परवा खुर्चीत रेलून लावाल-मराल जुळवून तिनंच त्यावर कळस चढवला होता.

"कागद द्या," ती म्हणाली.

कारकुनानं कागद दिला. तिनं तेलुगूत लिहायला घेतलं आणि दोन ओळींनंतर खोडलं, आणि मराठीत लिहिलं. खालची मराठी ओळ तुम्हीच मागितली होती, ती मनात म्हणाली, मग मराठी वाचणारा माणूसही तुम्हीच शोधा. अर्जात लिहिलं: फोटोतील पाय माझे वडील उद्धवराव यांचे आहेत. उजव्या अंगठ्याखालील डाग माझ्या हातचा आहे. चपला शिवेवर काढून ठेवल्या होत्या, त्या पंचनाम्यापूर्वी मी उचलल्या व नंतर जाळल्या, ही चूक माझी. तार त्यांची नव्हती. इथं पेन थांबलं. यानंतरचा शब्द एका माणसाचं नाव होता. ती त्या शब्दावर बसून राहिली, पंखा फिरत राहिला, आणि तो शब्द काही उतरला नाही. पुन्हा गप्प. हे गप्प राहणं कोणासाठी, बाच्या सोबत्यासाठी की आपल्याच भित्रेपणासाठी, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. आणि मग, जे तिला या सगळ्या काळात एकदाही आठवायचं नव्हतं, ते आठवलं. ती आठ वर्षांची असताना तिला सव्वा महिना ताप होता. पोटात काही टिकत नव्हतं. बानं एके दिवशी धोतराच्या सोग्यात गुंडाळून काहीतरी आणलं, मायनं दार लावून ते शिजवलं, आणि रस्सा चमच्या-चमच्यानं तिच्या तोंडात घातला. ससा होता. बा बाहेर बसला होता, आत आला नाही, त्या दिवशी जेवला नाही. पुन्हा कधी आणला नाही. तिला अजून त्या रश्श्याची चव सांगता आली असती. तिनं पेन उचललं आणि तेही लिहिलं: माझ्या लहानपणी माझ्या आजारात त्यांनी एक ससा मारला. तो मी खाल्ला. त्यानंतर काही नाही. सही केली, तारीख घातली.

साहेबांनी कारकुनाकडून वाचून घेतलं. सशाच्या ओळीशी त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"हे कशाला लिहिलं? हे तर तुमच्याच विरुद्ध जातं."

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"आणि तार त्यांची नव्हती म्हणता. मग कोणाची होती?"

"ते शोधणं तुमचं काम होतं. तुम्ही मेलेल्याच्या पायात शोधलं, कारण मेलेला बोलत नाही."

साहेबांनी अर्ज फायलीखाली सरकवला आणि म्हणाले, ठीक आहे, बघू. पोच घेऊन जा. बाहेर गाडी येऊन उभी राहिल्याचा आवाज आला, मागचा फाळका पाडल्याचा, काहीतरी जड गुंडाळी टाकल्याचा. कोणीतरी फ्लेक्स मोजत होतं, तेलुगूत. अडतीस, एकोणचाळीस. नीलिमा उठली नाही. तिनं पिशवीतून पंचनाम्याची नक्कल काढली, घडी उलगडून साहेबांपुढे ठेवली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. जप्त केलेले प्राणी. त्या रकान्यात काहीच नव्हतं. आडवी रेघसुद्धा नाही.

"माझ्याकडचं जे होतं ते मी लिहून दिलं," ती म्हणाली. "एक ससा. माझ्या सहीनिशी. आता तुमचं लिहा. तुम्ही चाळीस गावांत सांगताय की हा माणूस शिकारी होता. मग या रकान्यात नाव भरा. चितळ होतं? डुक्कर होतं? मोर होता? त्या सकाळी माझ्या बापाच्या हातात, खांद्यावर, पिशवीत, आसपासच्या वीस पावलांत कोणतं जनावर मरून पडलं होतं? एक नाव लिहा, साहेब, आणि खाली तुमची सही करा. मी उठून जाते. नाही तर सांगा मला, तोंडावर सांगा. कोणतं जनावर?"